शेरूची सोयरीक



मागच्या महिन्यात मलकापूरहून नणंदबाईंचा फोन आला. त्यांच्या लॅब्राडोर कुत्रीसाठी आमचा शेरू हवा होता. "वहिनी, इतका देखणा आहे, एकदा तरी पिल्लं होऊ द्या. एक तुम्हाला, बाकीच्यांचे पैसे निम्मे निम्मे." मी नाही म्हटले. त्या रुसल्या आहेत, म्हणून हे लिहिते.

शेरू दीड वर्षाचा असताना उठताना अडखळू लागला. जिना चढेना. पळताना सशासारखे मागचे दोन्ही पाय एकदम टाकायचा, आम्हाला गंमत वाटायची. शेवटी अकोल्याला नेऊन भूल देऊन एक्स-रे काढला. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत नीट बसतच नव्हता. याला हिप डिसप्लेसिया म्हणतात. पिल्लू जन्मते तेव्हा सांधा ठीक दिसतो. वाढताना तो सैल पडतो, झिजतो आणि पुढे संधिवात होतो. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा मोठ्या जातींत हे जास्त. मूळ आनुवंशिक, पण जास्त खाण्याने आणि वजनाने बळावते.

इथे माझी चूक कबूल करते. जीवदया म्हणून मी त्याला तुपाच्या पोळ्या चारत होते. अमेरिकेत 48 लॅब्राडोर कुत्र्यांवर एक अभ्यास झाला. त्यात पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री जोडीदारांपेक्षा जवळजवळ दोन वर्षे जास्त जगली, आणि त्यांचे सांधेही कमी बिघडले. अन्न तोडणे हा अहिंसाणुव्रताचा अतिचार आहे हे आपण पाठ करतो. पण जीव न पेलणारे वजन त्याच्या अंगावर चढवणे, हे अतिभारारोपणाहून किती वेगळे?

नणंदबाई म्हणतात, "त्याचे कर्म, तो भोगतो." खरे आहे. पण पुढच्या पिल्लांना जन्माला घालण्याचा निर्णय आपला आहे. पाप कृत, कारित आणि अनुमोदना अशा तिन्ही वाटांनी लागते. सोयरीक जुळवणे हे कारित, आणि आई-बापाचे एक्स-रे न विचारता पिल्लू विकत घेणे ही अनुमोदना. मीही तीच केली होती. आणि पैशासाठी कुत्री-मांजरे पोसणे तर हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात असतीपोषण म्हणून श्रावकाला वर्ज्यच सांगितले आहे.

तपासणी अवघड नाही. पेनहिप पद्धतीचा एक्स-रे चार महिन्यांपासून काढता येतो. अमेरिकेत 1966 पासून काम करणारी ओएफए ही संस्था दोन वर्षे पूर्ण झाल्यावरच खुब्याचा अंतिम दाखला देते. आई-बाप दोघेही निर्दोष असले तरी पिल्लू निर्दोष निघेलच असे नाही, पण धोका कमी होतो. म्हणून पिल्लू घेणार असाल तर आधी त्यांचे एक्स-रे मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर परत फिरा. माझे मत विचाराल तर विकतचे आणूच नका. बुलढाणा, खामगाव, चिखली, कुठल्याही गल्लीत दाराशी बसलेला एखादा जीव असतोच.

आता शेरूचे जेवण मोजून आहे. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरल्या आहेत. वजन उतरले आणि परवा तो स्वतःहून ओट्यावर चढला.

नणंदबाई, रुसवा सोडा. तुमच्या राणीला घेऊन या, अकोल्याला मी सोबत येते. आधी तिचा एक्स-रे काढू.