कॅन्सरनं मूल गेलं, त्याच्या नावानं निधी उभा राहिला: तो पैसा नेमका कुठे पोहोचायला हवा?

आजारी मुलाचा फोटो आणि खाली मदतीचं आवाहन, अशी पोस्ट तुमच्याही फीडमध्ये आली असेल. मूल वाचलं नाही की ती पोस्ट मागे पडते. काही आईवडील मात्र तिथेच थांबत नाहीत. ते आपल्या मुलाच्या नावानं इतर मुलांसाठी काम सुरू करतात. अशा कामामुळे खरंच काही बदलतं का? अमेरिकेतल्या दोन मुलींची उदाहरणं पाहू.

लिंबू सरबताचा स्टॉल

अ‍ॅलेक्स स्कॉटला पहिल्या वाढदिवसाआधीच न्यूरोब्लास्टोमा हा कॅन्सर असल्याचं कळलं. 2000 साली, चार वर्षांची असताना, तिनं घरासमोर लिंबू सरबताचा स्टॉल लावला. डॉक्टरांना इतर मुलांना बरं करता यावं, म्हणून तिला पैसे जमवायचे होते. पहिल्याच स्टॉलवर 2 हजार डॉलर्सहून अधिक रक्कम जमली.

ऑगस्ट 2004 मध्ये, आठव्या वर्षी अ‍ॅलेक्स गेली. तोवर देशभरातल्या स्टॉल्समधून 10 लाख डॉलर्सहून अधिक निधी उभा राहिला होता. पुढे तिच्या पालकांनी संस्था स्थापन केली. ही संस्था आज मुलांच्या कॅन्सरवरील संशोधनाला निधी देते.

एका मुलीच्या नावाचा कायदा

व्हर्जिनियातल्या गॅब्रिएला मिलरला मेंदूचा कॅन्सर होता. नेत्यांनी नुसतं बोलू नये, कृती करावी, असं तिनं एका व्हीडिओत ठणकावून सांगितलं होतं. ऑक्टोबर 2013 मध्ये, दहाव्या वर्षी तिचं निधन झालं.

सहा महिन्यांच्या आत, 3 एप्रिल 2014 रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांनी तिच्या नावाच्या कायद्यावर सही केली. राजकीय पक्षांच्या अधिवेशनांसाठी मिळणारा सरकारी पैसा मुलांच्या आजारांवरील संशोधनाकडे वळवण्यात आला. दरवर्षी 1 कोटी 26 लाख डॉलर्स, दहा वर्षांसाठी.

दोन्ही ठिकाणी भर संशोधनावरच का? मुलांमध्ये कॅन्सरचं प्रमाण मोठ्यांच्या तुलनेत बरंच कमी असतं. त्यामुळे मुलांसाठी वेगळी औषधं शोधण्यात कंपन्यांना फारसा नफा दिसत नाही. ही उणीव देणग्या आणि सरकारी पैशातून भरावी लागते.

भारतात अडतं कुठे?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगात दरवर्षी सुमारे 4 लाख मुलं आणि किशोरवयीनांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली 80 टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हेच प्रमाण 30 टक्क्यांपेक्षा कमी आहे.

म्हणजे अनेक मुलांसाठी औषध अस्तित्वात आहे, पण उपचार पूर्ण होत नाहीत. निदान उशिरा होतं, खर्च झेपत नाही किंवा उपचार अर्धवट सुटतात.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशभरातून मुलं येतात. रक्ताच्या कॅन्सरचे उपचार दोन-अडीच वर्षंही चालतात. एवढा काळ राहायचं कुठे? गावाकडची मजुरी बुडते, खोलीचं भाडं परवडत नाही. केमोथेरपीमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्या मुलाला फुटपाथवर ठेवलं, तर साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणून स्वच्छ खोली आणि सकस जेवण हा उपचाराचाच भाग ठरतो.

दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सर रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा देते. 2006 मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया ही संस्था उपचार घेणाऱ्या मुलांची आणि पालकांची मोफत राहण्याची सोय करते. टाटा रुग्णालयात 2009 च्या सुमारास जवळपास पाचपैकी एका मुलाचे उपचार नाकारले किंवा सोडले जात. पैसा, निवारा, आहार आणि समुपदेशन यांची एकत्र सोय लावल्यावर हे प्रमाण काही वर्षांत 5 टक्क्यांच्या आसपास आलं.

मग तुम्ही काय पाहाल?

गेलेल्या मुलाच्या नावानं मदत करायची असेल, तर आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारा की सध्या मुलांचे उपचार कशामुळे अडतायत. उत्तर कदाचित रक्तदान असेल, रेल्वेचं भाडं असेल किंवा महिनाभराचा शिधा.

अ‍ॅलेक्स आणि गॅब्रिएलाच्या नावानं झालेलं काम टिकलं, कारण तिथे नेमकी उणीव कोणती हे स्पष्ट होतं. आपल्याकडे एखाद्या मुलाची आठवण खोलीच्या भाड्यातूनही जपता येते. त्या खोलीत राहून दुसरं एखादं मूल उपचार पूर्ण करून घरी जाऊ शकतं.