उपस्थात्याचा विषाद आणि भ्रमणध्वनीवरील ॲप

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केलेले आहेत. व्यवसायात पडल्यावर मात्र त्यांपैकी तीनच पाद आपल्या व्यवहारात उरतात. भिषक् म्हणून आपण स्वतः, द्रव्यासाठी औषधविक्रेते आणि समोर बसलेला रोगी. चौथा पाद चिकित्सालयाच्या दाराशी पिशवी व जुने कागद सांभाळत उभा असतो. पथ्यापथ्य आपण त्यालाच सांगतो, औषधांच्या वेळाही त्यालाच समजावतो. परंतु त्याची झोप कशी आहे, हे क्वचितच विचारतो.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात उपस्थात्याचे चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शौच. तेथील 'भर्ता' हा शब्द पाहता परिचारक हा सेवक आहे, असेच मानावे लागते. आजचा उपस्थाता बहुतांशी सेवक नसून सून, पत्नी, लेक किंवा निवृत्त झालेला पती असतो. त्याला पाळी नाही, सुटी नाही आणि वेतनही नाही. पक्षाघात, कंपवात, कर्करोग आणि विशेषतः स्मृतिभ्रंश या व्याधींत ही सेवा वर्षानुवर्षे चालते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण, इतके आहे. यांतील बहुसंख्य रुग्णांची शुश्रूषा घरीच होते, हे निराळे सांगावयास नको.

अशा उपस्थात्यांमध्ये अवसाद सामान्य लोकांपेक्षा अधिक आढळतो, हे आता सर्वमान्य आहे. तो आपल्यासमोर येतो तो मात्र अवसाद या नावाने नव्हे. सासूबाईंसाठी महानारायण तेल नेण्यास आलेली सून जाता जाता अम्लपित्त, पाठदुखी, 'अंगात त्राणच नाही' अशी तक्रार करते, आणि आपण अविपत्तिकर चूर्ण देऊन मोकळे होतो. विषादाची गणना चरकाने ऐंशी नानात्मज वातविकारांत केली असून, व्याधी वाढविणाऱ्या भावांमध्ये त्याला अग्रस्थान दिले आहे. उपस्थाता विषादाने ग्रस्त झाला, तर त्याचा स्वतःचा व्याधी वाढतोच, शिवाय रोग्याची औषधे चुकतात, पथ्य सुटते, शय्याव्रण होतात. सुश्रुताचे क्रियाकाल येथे लावून पाहिले, तर आपण व्यक्तावस्थेची वाट पाहत बसतो. संचय-प्रकोपाच्या अवस्थेत तो ओळखावयाचा, तर महिन्यातून एकदा होणारी भेट पुरेशी नाही.

याच ठिकाणी स्मार्टफोनवरील ॲपचा विचार मला सयुक्तिक वाटतो. रोगी रात्री दोन वाजता उठून दार उघडू लागतो, तेव्हा वैद्य उपलब्ध नसतो आणि शेजारीही झोपलेले असतात. त्या वेळी फोन मात्र उशाशी असतो. रोज झोपेचे तास नोंदविणे, दर पंधरवड्यास मनःस्थितीविषयी ठराविक प्रश्न विचारणे, दिवसातून एखादी सुखद व स्वतःपुरती कृती ठरवून ती करवून घेणे, प्राणायामाची आठवण देणे आणि रोगी आक्रमक झाल्यास काय करावे हे थोडक्यात सांगणे, एवढी कामे यंत्र बिनतक्रार करते. जागतिक आरोग्य संघटनेचा 'आयसपोर्ट' हा स्मृतिभ्रंश रुग्णांच्या शुश्रूषाकर्त्यांसाठीचा कार्यक्रम याच धर्तीवर रचलेला आहे. त्याच्या पाच विभागांपैकी एक सर्वस्वी शुश्रूषाकर्त्याने स्वतःची काळजी कशी घ्यावी यासाठी आहे. यांतील पुष्कळसे आपल्या दिनचर्या, सद्वृत्त आणि सत्त्वावजय यांच्याशी जुळते. तथापि 'हे सारे आमच्या ग्रंथांत होतेच' असे म्हणून समाधान मानण्याची आपली सवय मला रुचत नाही. ग्रंथात असलेले आपण उपस्थात्यापर्यंत पोहोचविले का, हा खरा प्रश्न आहे.

ॲपचा पुरस्कार करताना त्याची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. २०१९ साली मानसिक स्वास्थ्याच्या ९३ ॲप्सच्या प्रत्यक्ष वापराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पंधराव्या दिवशी ॲप उघडणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे ३.९ टक्के होते. म्हणजे शंभरांनी ॲप घेतले, तर पक्ष संपेपर्यंत चौघेच उरले! एखादा कल्प इतक्या लवकर सोडून दिला जात असेल, तर त्याचे गुण कितीही असोत, आपण तो अनुपानाशिवाय देणार नाही. येथे अनुपान म्हणजे माणूस. गोव्यात स्मृतिभ्रंश रुग्णांच्या ८१ कुटुंबांवर झालेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात मननीय आहे. तेथे ॲप नव्हते. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते सहा महिने घरी जात, ऐकून घेत, माहिती देत. गरज भासल्यास तज्ज्ञाचे साहाय्य मिळे. शुश्रूषाकर्त्यांचे मानसिक स्वास्थ्य त्यामुळे सुधारले. ॲप हे अशा कार्यकर्त्याच्या दोन भेटींमधील अंतर भरून काढू शकेल. त्याची जागा ते घेईल, असे मला वाटत नाही. शिवाय ॲप कायम राहील याचीही शाश्वती नसते. 'वोबॉट' हे गाजलेले संवादी ॲप जून २०२५ मध्ये बंद झाले.

दुसरी शंका गोपनीयतेची आहे. अमेरिकेत 'बेटरहेल्प' या ऑनलाइन समुपदेशन सेवेवर ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातीसाठी इतर कंपन्यांना दिल्याचा आरोप तेथील व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलरची तडजोड झाली. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्येच संमत झाला. परंतु घरातल्या घरात गोपनीयता कोण राखणार? अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो यजमानांच्या खिशात असतो. 'सासूबाईंचा राग येतो' असे सुनेने त्यात लिहावे, अशी अपेक्षा करणे हा भाबडेपणा ठरेल. ॲप सुचविण्यापूर्वी फोन कोणाचा, हे विचारणे म्हणूनच आवश्यक आहे. त्यात शुद्ध, घरगुती मराठी आहे की यंत्राने केलेले ओबडधोबड भाषांतर, हेही पाहून घ्यावे.

औषधविक्रेत्या बंधूंना येथे विशेष विनंती करावीशी वाटते. वैद्यापेक्षा उपस्थाता आपल्याकडे अधिक वेळा येतो. तेल, चूर्ण, प्रौढांचे डायपर यांच्या खरेदीवरून घरात काय चालले आहे, हे आपल्याला आधी कळते. 'टेन्शनवर काहीतरी द्या' असे कोणी म्हणताच अश्वगंधेची बाटली पुढे करू नये. ती व्यक्ती झोपेच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या घेत असल्यास अश्वगंधा निर्धोक मानता येत नाही. मनोविकारतज्ज्ञाने सुरू केलेली औषधे 'नैसर्गिक' पर्यायासाठी अकस्मात बंद करवणे तर सर्वथा वर्ज्य. आणि एखाद्या ॲपच्या कंपनीने दलालीचे आमिष दाखवून ग्राहकांचे क्रमांक मागितले, तर नकार द्यावा.

वैद्यांनी केसपेपरवर उपस्थात्यासाठी दोन ओळी राखून ठेवाव्यात : नाव-नाते, आणि झोपेचे तास. त्याखाली गेल्या दोन आठवड्यांत कामात गोडी न वाटणे व मन उदास राहणे किती दिवस घडले, हे दोन प्रश्न. प्रत्येकास शून्य ते तीन गुण असून बेरीज तीन किंवा अधिक आल्यास सविस्तर चौकशी करावी. हे निदान नव्हे, चाळणी आहे. बेरीज त्याहून कमी पण सेवेचा भार मोठा, अशांना ॲप सुचवावे आणि पुढील भेटीत ते उघडून एकत्र पाहावे. जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा विचार कोणत्याही स्वरूपात व्यक्त झाल्यास मात्र ॲपवर क्षणभरही विसंबू नये. त्या व्यक्तीस एकटे न सोडता तत्काळ मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. केंद्र शासनाची १४४१६ ही 'टेलिमानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र विनामूल्य उपलब्ध असून मराठीतही बोलता येते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने 'मनोविज्ञान व मानसरोग' या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांना मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. इतरांनी आपली सीमा ओळखावी. पण उपस्थात्यास खुर्ची देऊन दोन प्रश्न विचारण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. आपल्या संघटनेच्या शाखांनी मानसरोगाच्या पदव्युत्तरांकडून उपलब्ध मराठी ॲप्स तपासून घ्यावीत आणि कोणते ग्राह्य, कोणते त्याज्य, याची यादी पुढील अंकापूर्वी संपादक मंडळाकडे पाठवावी, असा माझा प्रस्ताव आहे.