‘निवडून येईल का?’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा

जून 2004 मध्ये न्यू जर्सीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्याच्या मतदानात, मी डेनिस कुसिनिचला मत दिलं. जॉन केरीची उमेदवारी तोवर पक्की झाली होती. कुसिनिच जिंकणार नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी दिलं, आणि तशीच निवड पुन्हा समोर आली तर पुन्हा देईन. ‘मत फुकट घालवलंस’ असं तेव्हा ऐकवणारे आजही दर प्रायमरीच्या तोंडावर तेच ऐकवतात. त्यांना माझं उत्तर आहे, आणि ते गुळमुळीत नाही.

आधी नोंदी तपासू. 10 ऑक्टोबर 2002 रोजी इराकवर हल्ला करण्याचे अधिकार अध्यक्ष बुशला देणारा ठराव प्रतिनिधिगृहात 296 विरुद्ध 133 मतांनी मंजूर झाला. विरोधातल्या 133 पैकी 126 डेमोक्रॅट होते, म्हणजे पक्षाचे निम्म्याहून जास्त सभासद. त्यांची मोट बांधणाऱ्यांत ओहायोचा कुसिनिच पुढे होता. काही तासांतच सिनेटने 77 विरुद्ध 23 मतांनी तोच ठराव उचलून धरला. तिथे होकार देणाऱ्यांत जॉन केरी होता, जॉन एडवर्ड्स होता, हिलरी क्लिंटन होती, जो बायडन होता. पुढे काय झालं ते जगाने पाहिलं. ज्या अस्त्रांच्या नावाने युद्ध पुकारलं, ती सापडली नाहीत. सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक गेले आणि इराकी नागरिक लाखाहून अधिक.

2004 साली डेमोक्रॅटिक पक्षाने अध्यक्षपदासाठी केरीला आणि उपाध्यक्षपदासाठी एडवर्ड्सला उभं केलं. दोघेही होकारवाले. युद्धाला नकार देणारी इतकी माणसं पक्षात असताना हेच दोघे का? तर ते ‘निवडून येण्यासारखे’ होते. नोव्हेंबरात केरी हरला. 2008 मध्ये हाच शिक्का क्लिंटनवर मारला गेला. तिला ओबामाने हरवलं, ज्याने 2002 मध्येच शिकागोत या युद्धाविरुद्ध भाषण केलं होतं. 2016 मध्ये पुन्हा क्लिंटन, आणि समोर ट्रम्प. 2002 मध्ये रेडिओवर स्वतः या युद्धाला ‘हो’ म्हणालेल्या या माणसाने साउथ कॅरोलायनाच्या मंचावर इराक युद्ध ही घोडचूक होती असं सांगितलं आणि युद्धाला विटलेल्यांची मतं उचलली. ती मतं डेमोक्रॅटांनी वाऱ्यावर सोडली होती म्हणून त्याला मिळाली. 2020 मध्ये बायडन जिंकला, हे मान्य. चार वेळा खेळलेला हा हुकमी पत्ता तीनदा पडला, तरी खेळणारे शहाणे आणि आम्ही भाबडे!

माणूस निवडून येण्यासारखा नाही हे ठरवतं कोण? 9 डिसेंबर 2003 रोजी न्यू हॅम्पशायरमध्ये एबीसी वाहिनीचा टेड कॉपल डेमोक्रॅटिक उमेदवारांच्या चर्चेचं सूत्रसंचालन करत होता. त्याने सुरुवात केली ती हॉवर्ड डीनला अल गोरने दिलेल्या पाठिंब्यापासून. पुढे कुसिनिच, अल शार्प्टन आणि कॅरोल मोझली ब्राउन यांना त्याने पैशांवरून छेडलं आणि मैदान कधी सोडणार अशा अर्थाचे प्रश्न विचारले. कुसिनिचने त्याला सुनावलं की, कोणाचा पाठिंबा, कोणाचे आकडे, कोणाची थैली यातच चर्चा अडकवली जाते आणि लोकांचे प्रश्न बाजूला राहतात. सभागृहात टाळ्या पडल्या. दुसऱ्याच दिवशी एबीसीने या तिघांच्या प्रचारासोबत फिरणारी आपली माणसं काढून घेतली.

2008 च्या निवडणुकीत कुसिनिच पुन्हा उभा राहिला, तेव्हाची गोष्ट याहून उघड आहे. लास वेगसच्या चर्चेसाठी एमएसएनबीसीने निकष लावला होता: राष्ट्रीय पाहणीतले पहिले चार. कुसिनिच त्यात बसला आणि त्याला आमंत्रण गेलं. मग निकष बदलून ‘पहिले तीन’ केला आणि आमंत्रण मागे घेतलं. तो कोर्टात गेला, आणि खालच्या कोर्टाने त्याला सामील करून घ्यायला सांगितलं. 15 जानेवारीला, चर्चेच्याच दिवशी, नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. वाहिनीची मालकी तेव्हा जनरल इलेक्ट्रिककडे होती, लढाऊ विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीकडे. निर्णयामागे हेच कारण होतं असा पुरावा माझ्याकडे नाही. पण ज्याला आमंत्रण देऊन ऐन वेळी दारातून परत पाठवलं, त्याला दहा दिवसांनी ‘बघा, लोकांचा पाठिंबाच नाही’ म्हणणं हा निव्वळ निलाजरेपणा आहे.

आणि ज्याला ‘हलका उमेदवार’ म्हणून उडवून लावलं, त्याची कुवत पाहा. एकतिसाव्या वर्षी तो क्लीव्हलंडचा महापौर झाला. शहराची वीज कंपनी खाजगी कंपनीला विका, नाहीतर कर्जाची मुदत वाढवणार नाही, असा बँकांनी गळा धरला. त्याने विकली नाही. डिसेंबर 1978 मध्ये शहराचं कर्ज थकलं आणि पुढच्या वर्षी त्याची खुर्ची गेली. वीज कंपनी मात्र शहराचीच राहिली, आणि 1998 मध्ये त्याच शहराच्या नगर परिषदेने त्या निर्णयाबद्दल त्याचा गौरव केला. त्याच्या सगळ्याच वाटा मला पटत नाहीत. सीरियाच्या बशर अल असदच्या भेटीला जाणं तर मुळीच पटलं नाही. पण 2002 मध्ये जो प्रश्न समोर होता, त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं, आणि तेही किंमत मोजावी लागणार हे ठाऊक असताना.

आपल्याकडे भारतात उमेदवारीचं तिकीट श्रेष्ठी ठरवतात. कार्यकर्ता सतरंज्या उचलतो आणि यादीची वाट बघतो. अमेरिकेत हा अधिकार पक्षाच्या मतदाराच्या हातात आहे. नोव्हेंबरात दोन वाईटांतला कमी वाईट निवडावा लागतो, हे मला समजतं. पण प्रायमरीतही तोच हिशेब मांडायचा असेल, तर मनातलं मत द्यायचं कधी?

प्रायमरीत हरणाऱ्या मताने काय होतं, हे 1968 ला विचारा. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध सिनेटर यूजीन मॅकार्थी स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्षासमोर उभा राहिला. त्याच्यासाठी कॉलेजची पोरं केस कापून, दाढ्या करून दारोदार फिरली. 12 मार्चला न्यू हॅम्पशायरमध्ये जॉन्सनला 49 टक्के मिळाले आणि मॅकार्थीला 42. मॅकार्थी हरला, पण 31 मार्चला जॉन्सनने आपण पुन्हा उभे राहणार नाही असं जाहीर केलं. त्यानंतर पक्षाने एकही प्रायमरी न लढलेल्या ह्यूबर्ट हंफ्रीला उमेदवारी दिली, आणि नोव्हेंबरात तोही हरला. मतदारांनी नकार नोंदवला होता. शहाणपणाचा ठेका घेतलेल्यांनी तो झिडकारला आणि निक्सन आला.

आता माझ्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना स्पष्ट सांगतो. 1973 मध्ये सक्तीची सैन्यभरती बंद झाली आणि युद्ध ही दुसऱ्यांच्या मुलांची गोष्ट झाली. आपली मुलं एसएटीच्या क्लासला जातात. बगदादला आणि फलुजाला कोणाची गेली, हे आपल्या जेवणावळींत निघत नाही. निघतो तो कर, व्हिसा आणि घरांच्या किमतींचा विषय. आणि युद्धाचा विषय काढणाऱ्याला आपण ‘व्यवहार कळत नाही’ म्हणून गप्प बसवतो. हा व्यवहार नव्हे. ज्याची झळ आपल्याला लागत नाही, त्याकडे ही सरळ सरळ फिरवलेली पाठ आहे.

पुढच्या प्रायमरीत प्रत्येक उमेदवाराला माझा पहिला प्रश्न एकच असेल: युद्धाचा ठराव समोर आला तेव्हा तुम्ही काय केलंत, किंवा आला तर काय कराल? जो नकार देईल आणि त्या नकारावर टिकेल, त्याला माझं मत. पाहणीत त्याचा आकडा एक टक्का असला तरी. एकाचे दोन, दोनाचे बेचाळीस व्हायला सुरुवात कोणीतरी करावी लागते, आणि ती करणारे सगळे तुमच्यासारखेच ‘निवडून येईल का?’ विचारत घरी बसले, तर मग ठराव पुन्हा 296 विरुद्ध 133 मतांनी मंजूर झाल्यावर हळहळायला येऊ नका.