लुईस आणि श्मेलिंग: एका सोयीस्कर दंतकथेची उलटतपासणी

१/ २२ जून १९३८. न्यूयॉर्कचे यँकी स्टेडियम, सुमारे ७० हजार प्रेक्षक. अवघ्या १२४ सेकंदांत जो लुईसने मॅक्स श्मेलिंगला लोळवले आणि ‘लोकशाहीने नाझीवादाला धूळ चारली’ ही कथा जन्मास आली. आजही ती भक्तिभावाने सांगितली जाते. माझ्या मते ती अर्धसत्य आहे, आणि कोणाच्या तरी सोयीची आहे.

२/ आधी पार्श्वभूमी. १९ जून १९३६ रोजी याच मैदानात श्मेलिंगने तोवर अपराजित असलेल्या लुईसला बाराव्या फेरीत बाद केले होते. नाझी प्रचारयंत्रणेने तो वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून मिरवला. १९३७ साली ब्रॅडॉकला हरवून लुईस हेवीवेट जगज्जेता झाला, पण ती सल उरली होती.

३/ कथेतला खलनायक पाहू. श्मेलिंग नाझी पक्षाचा सदस्य कधीच झाला नाही. त्याचा व्यवस्थापक जो जेकब्स ज्यू होता. दबाव येऊनही श्मेलिंगने त्याला सोडले नाही. नोव्हेंबर १९३८च्या ज्यूविरोधी हिंसाचारात त्याने दोन ज्यू मुलांना बर्लिनमधील हॉटेलच्या आपल्या खोलीत लपवले. हे जगाला कळले १९८९ साली, त्या मुलांपैकी एकाच्या तोंडून.

४/ मग तो संत होता काय? मुळीच नाही. १९३५ साली अमेरिकेत बर्लिन ऑलिंपिकवरील बहिष्काराची चर्चा पेटली असता, तेथे सर्व खेळाडूंना नीट वागवले जाईल अशी ग्वाही त्याने अमेरिकी पदाधिकाऱ्यांना दिली. हिटलरच्या पंगतीलाही तो बसला. दोन मुलांचे प्राण वाचवणारा माणूस एका क्रूर राजवटीला आपला चेहराही उसना देऊ शकतो. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात.

५/ आता ‘लोकशाहीचा योद्धा’. ९ जानेवारी १९४२ रोजी लुईसने बडी बेअरला हरवून आपले मानधन नौदलाच्या मदतनिधीस दिले. त्या वेळी हेच नौदल कृष्णवर्णीयांना केवळ भोजनगृहातील सेवक म्हणून भरती करत असे! पुढे लुईस सैन्यात गेला. तेथेही गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या तुकड्या वेगळ्याच होत्या.

६/ आणि परतफेड? युद्धानंतर प्राप्तिकर खात्याने थकबाकीचा तगादा लावला. व्याजासह ती दहा लाख डॉलरच्या पुढे गेली. २५ वेळा जगज्जेतेपद राखलेला हा मल्ल कर्जापायी निवृत्ती मोडून पुन्हा रिंगणात उतरला. १९५१ साली मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत बाद केले. उत्तरायुष्यात तो लास व्हेगासच्या एका जुगारगृहात पाहुण्यांचे स्वागत करत असे.

७/ कोणी म्हणेल, ‘प्रतीकालाही मोल असते, त्या रात्री हार्लेमचे रस्ते आनंदाने ओसंडले होते.’ खरेच आहे. पण तो आनंद हार्लेमचा होता. ज्या देशाच्या दक्षिणेत त्यांच्या बांधवांना मतदानापासून रोखले जात होते, त्या देशाने तो विजय स्वतःच्या निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र म्हणून छातीवर लावला. माझा आक्षेप या उचलेगिरीला आहे.

८/ पुढे दोघे मित्र झाले. १९८१ साली लुईस गेला, तेव्हा अंत्यविधीच्या खर्चाला श्मेलिंगने हातभार लावला. या मैत्रीच्या गोड गोष्टीने शेवट करणे सोपे आहे. पण मित्रहो, दोन माणसांनी एकमेकांना माफ केले म्हणून दोन राज्यव्यवस्थांचा हिशेब मिटत नाही. ठोशाने सामन्याचा निकाल लागतो. राष्ट्राच्या नीतिमत्तेचा निकाल लागतो तो त्याने आपल्या विजेत्याला दुसऱ्या दिवशी कसे वागवले यावरून.