कळ एक, अक्षरं दोन्हीकडची

कमरीपेठेत मी वेबसाइट बनवतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "लॅपटॉप कुठला घ्यावा हो?" मुलगा-मुलगी इंजिनीअरिंगला गेली की आईवडील हाच प्रश्न घेऊन येतात, आणि मनात एक महागातला ठरवूनच येतात. माझं उत्तर त्यांना मग फिकं वाटतं. कंपनीचं नाव बाजूला ठेवा. मेमरी १६ जीबी आणि डिस्क एसएसडी आहे ना, ते बघा. दुकानात उभं राहून चार ओळी टाइप करून बघा. वेबसाइटच्या कामाला भारी ग्राफिक कार्ड लागत नाही. ते खेळांना लागतं, आणि हे मुलांना पक्कं ठाऊक असतं! बॅटरी तपासून घेतलेला वापरलेला लॅपटॉपही चालतो. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर लिनक्स फुकट, २०१५ साली आलेला व्हीएस कोड हा एडिटरही फुकट.

पैशाचा प्रश्न इथे संपतो. आपल्या भागातला खरा प्रश्न अक्षरांचा आहे.

एका देवस्थानच्या मंडळींनी मला जुन्या देणगीदारांची कन्नड यादी दिली. फाइल उघडली तर सगळा इंग्रजी अक्षरांचा काला. पूर्वीच्या फॉन्टांची रीतच तशी होती. फाइलमध्ये इंग्रजी अक्षराचा आकडा साठवायचा आणि पडद्यावर फॉन्टने त्या जागी आपलं अक्षर रंगवायचं. फॉन्ट कळला तर रूपांतर करणारी साधनं मिळतात. इथे टाइप करणाराही नव्हता आणि तो संगणकही भंगारात गेलेला. आजोबा-पणजोबांची नावं शोधायला येणाऱ्यांना दाखवायचं काय? नशिबाने एक छापील प्रत ट्रंकेत निघाली. तिच्यावरून सगळी नावं नव्याने टाइप केली, युनिकोडमध्ये.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा असतो. मराठी 'क'चा २३२५, कन्नड 'क'चा ३२२१. फरक ८९६. 'म' घ्या, 'ळ' घ्या, फरक तोच ८९६! भारतीय लिप्यांच्या रांगा एकाच जुन्या सरकारी आराखड्यावरून आखल्या आहेत, त्यामुळे आपली बाराखडी आणि त्यांची कागुणित शेजारच्या दोन गल्ल्यांसारखी बसली आहे, घरं समोरासमोर. इनस्क्रिप्ट कळफलकाचंही तसंच. इंग्रजी 'के'ची कळ दाबा, मराठीत क, कन्नडमध्येही क. घरात दोन्ही भाषा लिहिणाऱ्याने हाच कळफलक शिकावा असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्रजी स्पेलिंग करून मराठी उमटवणाऱ्यांशी माझं या बाबतीत पटत नाही.

मग कन्नड यादीतून ८९६ वजा केले की मराठी यादी तयार? जवळजवळ. कन्नडला ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ए, दोन ओ आहेत. मराठीचं एकावर भागतं. नुसती वजाबाकी केली तर ऱ्हस्व 'ए'च्या जागी मराठीत कुणी न वापरणारी वाकडी मात्रा उमटते. त्या मात्रा बदलून घेतल्या. तरीही प्रत्येक नाव दोन्ही भाषा वाचणाऱ्या एका आजींना दाखवलं. आडनाव कन्नडमध्ये एक तऱ्हेने आणि मराठीत घरचे लोक दुसऱ्याच तऱ्हेने लिहितात, हे कुठलं सॉफ्टवेअर सांगणार?

पानावर लावायला फॉन्ट निवडला मुंबईच्या 'एक टाइप'चा, बालू. तोही मोफत. त्याच्या कन्नड भावंडाचं नाव 'बालू तम्म'. तम्म म्हणजे काय, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. कन्नडचे ओत्तक्षर ओळीखाली लोंबतात, म्हणून ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा सैल ठेवावं लागतं. पानाच्या कोडमध्ये मजकूर मराठी की कन्नड हेही लिहून ठेवावं. फॉन्टमध्ये सोय असेल तर मग ल आणि श हिंदी वळणाचे न उमटता आपल्या वळणाचे उमटतात, आणि डोळ्यांनी अधू माणसाला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर योग्य भाषेत बोलतं.

यादी आता साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आहे, कुठल्याही संगणकावर उघडेल अशी. एक प्रत देवस्थानच्या संगणकावर, एक पेनड्राइव्हवर, एक माझ्याकडे. शिवाय एक छापील प्रत काढून त्याच ट्रंकेत ठेवायला सांगितली आहे.