पैसे खात्यातून गेले, व्याज कोणी भरायचे?

नर्मदेच्या ग्वारीघाटाकडे जाणाऱ्या वाटेवरील जबलपूरच्या गोरखपूर बाजारात छोटे दुकानदार आहेत, दवाखाने चालविणारे डॉक्टर आहेत, रेल्वेतून आणि तोफगाडी कारखान्यातून निवृत्त झालेले कामगारही आहेत. यांपैकी ज्यांना आयकर लागू होतो त्यांच्यापुढे आज एक नवेच संकट उभे आहे. कर भरण्याच्या अखेरच्या दिवशी बँकेचा व्यवहार अडकतो. कधी खात्यातून पैसे निघतच नाहीत. कधी ते निघतात, पण सरकारी चलन तयार होत नाही. करदात्याच्या हाती ना पैसे राहतात ना पावती, आणि व्याज मात्र त्याच्याच माथी मारले जाते.

हे व्याज किरकोळ नाही. आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना भरावे लागतात. पहिल्या तीनपैकी एखादा हप्ता एक दिवस जरी चुकला, तरी दरमहा एक टक्का या दराने पूर्ण तीन महिन्यांचे व्याज आकारले जाते. म्हणजे सप्टेंबरच्या हप्त्यात ४०,००० रुपयांची तूट पडली आणि ती दुसऱ्याच दिवशी भरून काढली, तरी १,२०० रुपयांचा भुर्दंड बसतो. अंदाजित नफ्यावर कर भरणाऱ्या लहान व्यापाऱ्याला सर्व आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकरकमी भरावा लागतो. त्या दिवशी व्यवहार फसला तर एक टक्का व्याज ठरलेलेच. १९६१ च्या कायद्यातील ही रचना २०२५ च्या नव्या कायद्यानेही कायम ठेवली आहे.

उलट बाजू पाहावी. घाबरलेल्या करदात्याने दुसऱ्यांदा पैसे भरले, मग पहिलाही व्यवहार मागाहून पुरा झाला आणि जादा रक्कम सरकारजमा झाली, तर परताव्यावर सरकार व्याज देते ते दरमहा अर्धा टक्का. नागरिकाकडून एक टक्का आणि नागरिकाला अर्धा टक्का! खासगी सावकाराच्या वहीत असा हिशेब आढळला असता, तर त्याला लबाडी म्हटले गेले असते.

या प्रश्नाचा निकाल लावणारे तत्त्व कायद्याला अपरिचित नाही. औंध संस्थानातील ओगलेवाडीच्या, प्रभाकर कंदिलांसाठी घरोघर ठाऊक असलेल्या ओगले ग्लास वर्क्सने भारत सरकारला माल पुरविला आणि त्याची किंमत धनादेशांनी टपालातून घेतली. त्यावरील आयकराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५४ च्या निकालात न्यायालयाने ठरविले की, धनादेश वटला तर तो दिला गेला त्या दिवशीच रक्कम पोचली असे मानायचे. आणि कारखान्याच्याच सांगण्यावरून तो टपालात टाकला गेला असल्याने टपालखाते हे कारखान्याचेच प्रतिनिधी ठरते. त्या तत्त्वाचा लाभ तेव्हा आयकर खात्याला झाला. आज कर गोळा करणारी प्राधिकृत बँक ही सरकारचीच प्रतिनिधी आहे. तिने करदात्याच्या खात्यातून रक्कम वजा केली त्याच क्षणी सरकारला पैसे पोचले, असे म्हणण्यास कोणती हरकत आहे?

पगारदारांच्या बाबतीत कायद्याने हेच मान्य केले आहे. मालकाने पगारातून कर कापला आणि तो तिजोरीत भरला नाही, तरी कापलेल्या रकमेपुरती कामगाराकडून पुन्हा वसुली करता येत नाही. मालकाच्या कसुरीची शिक्षा कामगाराला नाही, तर बँकेच्या यंत्रणेच्या कसुरीची शिक्षा खातेदाराला कशासाठी?

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती घालून दिल्या. एटीएममधून रोकड मिळाली नाही आणि रक्कम मात्र वजा झाली, तर ती पाच दिवसांत परत करणे आणि नंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देणे बंधनकारक झाले. पाऊल स्वागतार्ह होते. परंतु कराची मुदत पाच दिवस थांबत नाही. रक्कम परत आली तरी व्याजाचा आकडा मागे हटत नाही.

तोपर्यंत करदात्याने सावध राहिले पाहिजे. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ आणि खात्याचा उतारा जपून ठेवावा. चलन निघाले की नाही ते आयकर खात्याच्या नोंदीत तपासावे. बँकेकडे लेखी तक्रार करून तिची पोच घ्यावी आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास बँक लोकपालाकडे जावे. त्यासाठी शुल्क पडत नाही. जमेल तेथे अखेरच्या दिवसाची वाट पाहू नये. पण एवढ्याने अन्याय मिटत नाही, कारण दोष नागरिकाच्या बेसावधपणाचा नाही.

दोष धोरणाचा आहे. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते बँक सामान्य माणसाच्या दाराशी यावी म्हणून. आज कर्मचारी कमी करायचे, खिडक्या बंद करायच्या आणि यंत्र बिघडले की खातेदाराला वाऱ्यावर सोडायचे, असा कारभार चालला आहे. सप्टेंबर २०१९ मध्येच कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला आणि वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर पाणी सोडण्यात आले. बड्या भांडवलदारांपुढे इतके उदार असणारे सरकार गोरखपूरच्या दुकानदाराला एका दिवसाची सवलत देत नाही!

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. खात्यातून रक्कम वजा झाल्याची तारीख हीच कर भरल्याची तारीख मानावी. खात्यात पुरेशी शिल्लक असूनही यंत्रणेच्या बिघाडाने व्यवहार फसला, तर व्याज त्या यंत्रणेकडून वसूल करावे. परताव्यावरील आणि थकबाकीवरील व्याजाचा दर एकच असावा. सार्वजनिक बँकांत पुरेशी नोकरभरती करून कर भरण्याच्या खिडक्या चालू ठेवाव्यात. बँक कर्मचारी, निवृत्तिवेतनधारक आणि छोटे व्यापारी यांचे हितसंबंध येथे एकच आहेत. त्यांनी आपापल्या तक्रारी सुट्यासुट्या न मांडता संघटितपणे हा प्रश्न हाती घेतला, तर राज्यकर्त्यांना त्याची दखल घ्यावीच लागेल.