प्रिंटर आपला, कार्ट्रिज कोणाचे?

झेरॉक्स कंपनीने १ जुलै २०२५ रोजी लेक्समार्क ही अमेरिकी प्रिंटर कंपनी दीड अब्ज डॉलरच्या व्यवहारात ताब्यात घेतली. अशा बातम्या अर्थविषयक पानावर चार ओळींत आटोपतात. मात्र कार्यालयात, दुकानात किंवा घरी लेझर प्रिंटर वापरणाऱ्यांना या दोन नावांमागचा इतिहास ठाऊक असायला हवा. लेझर प्रिंटरचा जन्म झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत झाला. तर विकून झालेल्या वस्तूवर कंपनीचा हक्क कोठवर चालतो, या प्रश्नावरची महत्त्वाची न्यायालयीन लढाई लेक्समार्कने लढली आणि गमावली. ही लढाई कशासाठी होती, हे कळण्यासाठी आधी यंत्र समजून घ्यावे लागेल.

झेरॉक्समधील गॅरी स्टार्कवेदर या अभियंत्याची कल्पना साधी होती. छायाप्रत काढणारे यंत्र समोर ठेवलेल्या कागदाची प्रतिमा उमटवते. त्या कागदाऐवजी संगणकाने चालवलेल्या लेझर किरणानेच प्रतिमा रेखाटली तर? या कल्पनेतून १९७७ मध्ये मिनिटाला १२० पाने छापणारे ‘झेरॉक्स ९७००’ हे अवाढव्य यंत्र बाजारात आले. आजच्या छोट्या प्रिंटरचे तत्त्वही तेच आहे. प्रकाशसंवेदी लेप दिलेल्या ड्रमवर प्रथम सर्वत्र ऋण विद्युतभार चढवला जातो. वेगाने फिरणाऱ्या बहुकोनी आरशावरून परावर्तित झालेला लेझर किरण ड्रमवर ओळीओळीने सरकतो आणि जेथे अक्षर उमटायचे, नेमका तेथला भार घालवतो. त्या जागी टोनरची भुकटी चिकटते, मग ती कागदावर ओढली जाते आणि सुमारे दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या रोलरखाली वितळून कागदात कायमची बसते. टोनर ही शाई नव्हेच. ती रंगद्रव्य मिसळलेली प्लास्टिकची बारीक भुकटी आहे.

लेझर प्रिंटरचे बहुतेक फायदे या भुकटीतून येतात. ती वाळत नाही. त्यामुळे दोन महिने बंद राहिलेला प्रिंटर पहिल्याच दिवशी स्वच्छ छापतो. इंकजेटची बारीक छिद्रे तेवढ्या काळात तुंबू शकतात. पावसाचे चार थेंब पडले तरी प्रतिज्ञापत्रावरचा मजकूर ओघळत नाही. वेग जास्त, अक्षर कोरीव आणि पानामागे खर्च कमी. छायाचित्रांसाठी मात्र इंकजेटच बरा. शिवाय रोलर तापताना वीज एकदम इतकी खेचली जाते, की घरगुती इन्व्हर्टर कुरकुरतो.

हे यंत्र सामान्यांच्या टेबलावर आले ते १९८४ मध्ये. एचपीच्या पहिल्या ‘लेझरजेट’ची किंमत ३,४९५ डॉलर होती आणि आतली छपाईची यंत्रणा जपानच्या कॅननची होती. कॅननने ड्रम, टोनर आणि सफाईची पट्टी एकाच डब्यात बसवली होती. डबा संपला की काढायचा, नवा बसवायचा. तंत्रज्ञ बोलावण्याची गरज नाही. सोय मोठीच होती. पण नफाही त्याच डब्यात आहे, हे कंपन्यांच्या लवकरच ध्यानात आले.

आपल्याकडे या डब्याचे वेगळेच अर्थकारण उभे राहिले. एचपीच्या लहान लेझरजेट प्रिंटरांना लागणारे ‘ट्वेल्व्ह-ए’ कार्ट्रिज ठाऊक नाही, असा रिफिलिंगवाला क्वचितच भेटेल. ते सुमारे दोन हजार पानांचे. त्यात चिप नाही, त्यामुळे ते उघडावे, टोनर भरावा, झिजलेला ड्रम बदलावा आणि पुन्हा चालवावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातील झेरॉक्सच्या दुकानापर्यंत जुने प्रिंटर वर्षानुवर्षे कामाला येतात, ते या बळावर.

चिप आली की चित्र बदलते. कार्ट्रिजवरची इवलीशी चिप प्रिंटरला ओळख पटवून देते. ओळख पटली नाही, तर टोनर काठोकाठ भरलेला असूनही पान निघत नाही. लेक्समार्कच्या चिपची नक्कल बाजारात आणणाऱ्या स्टॅटिक कंट्रोल या कंपनीला लेक्समार्कने २००२ मध्ये स्वामित्वहक्काच्या कायद्याखाली न्यायालयात खेचले. ज्या संगणकीय आज्ञावलीवरून हे रामायण घडले, ती एका प्रिंटरमालिकेत ३७ आणि दुसऱ्या मालिकेत ५५ बाइट्सची होती! २००४ मध्ये अपील न्यायालयाने स्टॅटिक कंट्रोलच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर लेक्समार्कने पेटंटचा आधार घेतला. सुमारे २० टक्के सवलतीत घेतलेले कार्ट्रिज रिकामे झाल्यावर आम्हालाच परत करा, असा तिचा करार होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी स्पष्ट केले, की वस्तू विकली त्या क्षणी तिच्यावरील पेटंटचा हक्क संपतो. करारभंगाबद्दल ग्राहकाशी काय भांडायचे ते भांडा, पण ती पुन्हा भरून विकणाऱ्याला पेटंटचा धाक दाखवता येणार नाही. गंमत अशी, की तोवर वादी लेक्समार्क आणि तिची जुनी प्रतिवादी स्टॅटिक कंट्रोल या दोन्ही कंपन्या चिनी चिपनिर्मात्या एपेक्सच्या छत्राखाली आल्या होत्या.

निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला, तरी चिप बसवू नका, असे न्यायालयाने सांगितले नव्हते. कायद्याने बंद झालेले दार आता सॉफ्टवेअरने लावले जाते. प्रिंटर इंटरनेटला जोडलेला असेल, तर नवी आज्ञावली आपोआप उतरते आणि कालपर्यंत चालणारे पर्यायी कार्ट्रिज आज नाकारले जाऊ शकते. अशा निर्बंधांची पुरेशी कल्पना ग्राहकाला दिली नाही, म्हणून इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०२० मध्ये एचपीला एक कोटी युरोचा दंड ठोठावला होता. कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. हलक्या टोनरने ड्रम खराब होतो, भुकटी आत सांडते, हे रिफिलिंगचा अनुभव असलेल्या कोणालाही नाकारता येणार नाही. परंतु तो धोका पत्करायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार प्रिंटरचे पैसे मोजणाऱ्याचा आहे.

भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल-टॅब्लेट, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने प्रथम निवडली. प्रिंटरचा त्यांत वेगळा उल्लेख नव्हता. दुसरीकडे, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रिंटर कार्ट्रिजसह नोंदलेला आहे. म्हणजे रिकामा डबा हा ई-कचरा आहे, हे सरकारला मान्य आहे. पण तो कचरा होऊ न देणाऱ्या रिफिलिंगवाल्याची वाट चिपने अडवली, तर त्यावर या नियमांत उत्तर नाही. तहसील कचेऱ्यांपासून विद्यापीठांपर्यंत सरकारी यंत्रणा ही प्रिंटरची मोठी ग्राहक आहे. नव्या कायद्याची वाट न पाहताही, पुन्हा भरलेले कार्ट्रिज नाकारणारा प्रिंटर घेतला जाणार नाही, एवढी अट निविदेत घालणे तिच्या हाती आहे.